मी तीनदा मारलेला जवान

चौदा हजार फुटांवर, एका दगडी बंकरसमोर उभा राहून, मी त्या जवानाला महिन्याभरात तिसऱ्यांदा मारत होतो.

"गुडघाभर बर्फ," मी म्हणालो आणि हात गुडघ्यापर्यंत नेला. "अंगावर सुती कपडे. पायांत कॅनव्हासचे बूट. बाकीची तुकडी मागे गेलेली आणि वायरलेसच्या पेटीशी हा एकटा. कोण होता हा?"

इथे मी थांबत असे. मनातल्या मनात तीन आकडे मोजायचे, मग आवाज खाली आणायचा.

"आपल्याच खटाव तालुक्यातला बावीस वर्षांचा पोरगा! नाव? नाव आजतागायत कुणालाच ठाऊक नाही."

आठ पर्यटकांपैकी पाच जणांचे रुमाल बाहेर आले. वाऱ्याने नाक गळणारे दोघे वजा केले तरी तीन उरत होते. कार्यक्रम बरा चालला होता.

आता खरं सांगायला हरकत नाही, कारण मी ज्या सहल कंपनीत होतो तीही बुडाली आणि माझ्या डोक्यावरचे केसही गेले. असा कुणी जवान नव्हताच. बासष्टच्या लढाईत त्या डोंगरांत पुष्कळ माणसं गेली, ती खरी; पण हा माझा होता, घरगुती बनावटीचा. पहिली सहल नाशिकची होती तेव्हा तो सिन्नरचा होता. दुसरी ठाण्याची, तेव्हा मुरबाडचा. माणूस हुतात्म्यासाठी रडतो, पण आपल्या तालुक्यातल्या हुतात्म्यासाठी जरा जास्त रडतो, असा माझा शोध होता. ही सहल साताऱ्याकडची, म्हणून त्या दिवशी खटाव. मी सत्तावीस वर्षांचा होतो, कॉलेजात एकांकिकेला दोन उत्तेजनार्थ बक्षिसं मिळवली होती आणि पहिलं न मिळाल्याची खंत मी तवांगच्या वरच्या खिंडीत भरून काढत होतो.

खरं तर तिथे माहिती सांगण्याचं काम माझं नव्हतंच. वर जायचा परवाना स्थानिक वाटाड्याच्या नावावर मिळायचा. आमचा वाटाड्या दोर्जी, पंचेचाळिशीचा, त्याच डोंगरातला. सुमोही तोच चालवायचा. पण त्याला मराठी येत नव्हतं आणि मला गप्प बसता येत नव्हतं. त्यामुळे तो बॉनेटला टेकून उभा राहायचा आणि मी बोलायचो.

"आणि मग वायरलेसवर त्याचे शेवटचे शब्द आले," मी म्हणालो. "'आईला सांगा, मी हललो नाही.'"

हे वाक्य मला गुवाहाटीच्या लॉजवर दाढी करताना सुचलं होतं. तेव्हा माझे मलाच डोळे भरून आले होते आणि हनुवटी कापली होती.

मी मान खाली घातली; तेही ठरलेलंच होतं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"शिवराम."

बोलल्या त्या हौसाबाई फडतरे. वडूजच्या बाजूच्या, साठीला टेकलेल्या. नऊवारीवर मुलाचं स्वेटर, त्यावर कोट, डोक्याला माकडटोपी. चार दिवसांच्या प्रवासात त्यांनी मला फक्त दोन प्रश्न विचारले होते, एक बाथरूम कुठंय आणि दुसरा डोंगर कधी येणार.

"काय म्हणालात, हौसाबाई?"

"त्येचं नाव. शिवराम गणपत घार्गे. माझा थोरला भाऊ. आमी आण्णा म्हणायचो." त्या बंकरकडे बघत होत्या, माझ्याकडे नव्हे. "बावीसचाच हुता. वायरलेसवरच हुता. तार आली ती 'बेपत्ता' म्हणून आली. चव्वेचाळीस वर्सं झाली. आईला सांगा म्हनला व्हय? आईला सांगाया कुनी आलंच न्हाई, भाऊ."

माझ्या पायाखालचा डोंगर सरकला. वास्तविक तिथे एक चांगला माणूस असता तर त्याने तिथल्या तिथे कान पकडले असते. मी काय केलं? मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "असू शकेल." रुमाल आता आठही बाहेर आले होते. मला चक्क वाटून गेलं, की असा शेवट मला लिहूनसुद्धा जमला नसता.

हौसाबाईंनी खांद्यावरची पिशवी उघडली. तिच्यात काळे तीळ होते, दर्भाची जुडी होती आणि आमच्या आचाऱ्याकडून पहाटे मागून घेतलेला बिनमिठाचा भात. आचाऱ्याला वाटलं होतं, बाईंना रक्तदाब आहे.

"आईनं त्येचं कायबी करू दिलं न्हाई," त्या म्हणाल्या. "गेला म्हनून कागद हाय का, म्हनायची. पितरपाटाला चुलत्यांनी त्येचं नाव घेतलं की पान उधळून द्यायची. औंदा फाल्गुनात गेली. जाताना म्हनली, माझं झालं की त्येचंबी उरका. म्हटलं, डोंगरात जागा गावंल तितं करीन. पर तुमी तर जागाच दावली. लई उपकार झालं बघा." आणि त्या साठ वर्षांच्या बाईने वाकून माझ्या पायांना हात लावला.

मी मागे सरलो तो बंकरवर डोकं आपटलं. ते पुरेसं नव्हतं.

वाईचे देवस्थळी लगेच पुढे झाले. ते निवृत्त पोस्टमास्तर, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीची त्यांच्याकडे योग्य पद्धत असे. "मंत्र मी म्हणेन," ते म्हणाले. "पण बाईमाणसानं पिंड ठेवायचा म्हणजे..."

"घरात बाप्या कोन उरलाय?"

"मग ठेवा," देवस्थळी म्हणाले.

बंकरच्या पायथ्याशी सपाट दगडावर हौसाबाईंनी दर्भ अंथरला, भाताचा पिंड वळला, तीळ घातले, पाणी सोडलं. देवस्थळींनी आठवतील तेवढे मंत्र म्हटले. मग सगळे दहा पावलं मागे सरून उभे राहिलो आणि कावळ्याची वाट बघू लागलो.

कावळे होते. तिथले डोंगरकावळे, अंगाने काळेभोर, चोच मात्र पिवळी. अर्ध्या तासापूर्वी त्यांच्यातल्याच एकाने देवस्थळींच्या हातातली दशमी पळवली होती. आता मात्र सहा-सात जण बंकरवर ओळीने बसून पिंडाकडे बघत होते आणि एकही खाली येईना.

"ही चोच बघा," देवस्थळी पुटपुटले. "पिवळी. हा शास्त्राप्रमाणे कावळाच नव्हे. आला तरी धरता येणार नाही."

"अवो, आधी येऊ तर द्या," हौसाबाई म्हणाल्या. "आमच्यात चालतो."

दहा मिनिटं गेली. पिंडाला कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मग शब्द द्यावा लागतो. हौसाबाई पुढे झाल्या, हात जोडले. "आण्णा, तुझ्या वाटणीचं रान चुलत्याकडनं सोडवून घेतलंय रं. काळजी करू नगं." कावळे ढिम्म. "तुझी सायकल अजून हाय. नातू चालवतो." एक कावळा उडाला आणि दुसऱ्या दगडावर जाऊन बसला.

मग बाकीचेही सरसावले. सातारकर माणूस दुसऱ्याच्या मयताला मागे राहत नाही. एक जण म्हणाला, शिवराम, तुझ्या बहिणीला आम्ही सुखरूप घरी पोचवू. दुसरे म्हणाले, गावात तुझ्या नावाची कमान उभी करू. कोरेगावच्या एक बाई म्हणाल्या, तुझ्यासाठी मी संकष्टी धरीन. कावळ्यांनी कमान, संकष्टी सगळं ऐकून घेतलं आणि चोची पिसांत खुपसल्या.

"आता तुम्ही सांगा, उपळेकर," देवस्थळी म्हणाले. "तुम्हीच तर शोधून काढलंत त्याला."

आठ जोडी डोळे माझ्यावर आले. मी म्हणालो, "जरा हवामान विचारून येतो," आणि गाडीकडे पळालो. हुतात्म्याच्या तोंडी 'मी हललो नाही' घालणारा मी, पहिल्या संकटाला हललो.

दोर्जी आभाळ बघत होता. "सर, एक बजे बादल आएगा. दो बजे मिलिटरी गेट बंद. ये लोग क्या कर रहे हैं?"

माझ्या मोडक्या हिंदीत मी त्याला सांगितलं. बाईंचा भाई, लड़ाई में गुम हुआ, उसका क्रियाकर्म. इस बंकर में मरा था.

"इस बंकर में?" दोर्जीने मान हलवली. "ये तो बाद में बना, सर. लड़ाई के चार-पाँच साल बाद. मेरे पिताजी ने पत्थर उठाया था इसका."

आतापर्यंत मनात एक चोरटी आशा होती, की हजारात एक वेळा माझं खोटं खरंही असेल. आला असेल शिवराम इथे, मेला असेल इथेच. पण मी जवानाला ज्या बंकरात तीनदा मारलं, तो बंकरसुद्धा त्या वेळी नव्हता. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. माझ्या कपाळी आख्खी भिंत होती.

"तुमने पहले क्यों नहीं बताया?"

"आपने पूछा नहीं," दोर्जी म्हणाला. "आप बोलते रहते हैं."

तिथून बंकरपर्यंत वीस पावलं असतील. तेवढ्या वेळात मी पाच-सहा नवी खोटी वाक्यं तयार केली, त्यातली दोन तर सुरेख होती. पण हौसाबाई पिंडासमोर उकिडव्या बसल्या होत्या, थंडीने त्यांचे ओठ निळे पडले होते आणि त्या हळूच म्हणत होत्या, "माज्यावर राग हाय का रं, आण्णा? उशीर केला म्हनून?"

ते ऐकलं आणि मला माझीच किळस आली.

"हौसाबाई, उठा," मी म्हणालो. "त्याचा राग नाही. तो इथे नाहीच. ती गोष्ट मी रचलेली आहे."

"म्हंजी?"

"सगळी. नाशिकची माणसं असली की मी त्याला सिन्नरचा करतो. तुम्ही साताऱ्याचे, म्हणून खटावचा केला. हा बंकरपण नंतरचा आहे."

"आन् आईला सांगा म्हनला त्ये?"

"तेही. दाढी करताना सुचलं."

मग देवस्थळी म्हणाले, "अहो, लाज वाटायला पाहिजे! मी मंत्र म्हटले इथे!" संकष्टी धरणाऱ्या बाईंनी रुमाल पर्समध्ये टाकून चेन ओढली. कोणी काही फेकून मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

हौसाबाई मात्र ओरडल्या नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून त्या उठल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "मग खरं काय हाय?"

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो. "पण ह्याला थोडंफार ठाऊक असेल. ह्याला मी कधी बोलूच दिलं नाही."

दोर्जीने टोपी काढली. त्याच्या आयुष्यात त्या जागी पहिल्यांदाच कुणी त्याला काही विचारत होतं. तो बोलला आणि मी मराठी करून सांगत गेलो, एकही शब्द पदरचा न घालता, आणि ते मला फार जड गेलं.

त्याचे वडील तेव्हा याक राखायचे. रस्त्याच्या खाली ओढा आहे, तिथे त्यांची दगडी झोपडी होती. लढाई सुरू झाली आणि तीन दिवस वरून जवान उतरत राहिले. दोघे, चौघे, कधी एकटाच. पाय सुजलेले, बोलायला त्राण नाही. वडील आणि आजी जवाचं पीठ भाजून गरम पाण्यात कालवून त्यांना देत. तीन दिवसांत घरातलं वर्षाचं पीठ संपलं. खाऊन ते लोक पुढे जात. कुणी खालच्या वाटेने गेले, कुणी भूतानच्या बाजूला. काही ओढ्यापाशीच बसले ते उठले नाहीत.

"त्यांत एक वायरलेसवाला हुता का, इचारा," हौसाबाई म्हणाल्या.

मी विचारलं. दोर्जीने बराच वेळ आठवून पाहिलं. त्याने 'हो' म्हणावं असं मला इतकं वाटत होतं, की मी जवळजवळ त्याला डोळा मारणार होतो.

"मालूम नहीं, माताजी," तो म्हणाला. "पिताजी ने किसी का नाम नहीं पूछा. बस खाना दिया."

हौसाबाईंनी डोळे मिटले. "चव्वेचाळीस वर्सांत समद्यांनी सांगितलं बघा," त्या म्हणाल्या. "म्हसवडचा ज्योतिषी म्हनला चीनच्या तुरुंगात हाय. एक पुढारी म्हनला, माझी दिल्लीत वळख हाय, आणून दावतो. तुमी म्हनला बंकरात मेला. मालूम नाही म्हननारा ह्योच पयला." आणि मग म्हणाल्या, "झोपडी कुटं हुती, दाव म्हनावं."

आम्ही तिघेच उतरलो, त्या, दोर्जी आणि मी. बाकीच्यांना मी नको होतोच, पण हौसाबाईंची पिशवी कुणीतरी धरायला हवी होती. शंभरेक पावलं खाली ओढ्याच्या काठी चार-पाच दगडांचा एक कोपरा शिल्लक होता. झोपडीचं उरलेलं तेवढंच. हौसाबाईंनी डब्यातला भात घेऊन नवा पिंड वळला आणि एका दगडावर ठेवला. तीळ संपले होते. दर्भ वरच राहिला होता. मंत्राचा तर प्रश्नच नव्हता, कारण देवस्थळी रस्त्याच्या कडेला उभे राहून वरून आमच्याकडे बघत होते.

या वेळी त्यांनी रानाचं, सायकलचं काही सांगितलं नाही. पदर डोक्यावर घेतला आणि जसं चुलीपाशी बसून सांगावं तसं म्हणाल्या, "आण्णा, आई गेली रं. झोपेतच गेली, तरास झाला न्हाई. आता तुजी वाट बघणारं घरात कोन न्हाई. मीबी बघणार न्हाई. तूबी नगं बघूस."

मी ओढ्याकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी माझ्या खिशात रुमाल नव्हता. एवढ्या सहलींत मला तो कधी लागलाच नव्हता.

कावळे वरच्या कड्यावर होते. एकही खाली आला नाही. एक वाजायला आला, कड्यामागून ढग उतरायला लागले आणि दोर्जी चुळबुळ करू लागला.

"चला," हौसाबाई म्हणाल्या. "शिवला तर शिवला. पर ह्येच्या बापानं न् आजीनं माझ्या भावाला जेवू घातलं असंल, नसंल घातलं तर माझ्यासारख्या दुसऱ्या कुनाच्या भावाला घातलं असंल. ह्येला उपाशी ठेवून मी जानार न्हाई." डब्यात उरलेला भात त्यांनी दोर्जीच्या हातावर ठेवला. "खा, बाबा. सगळा खा."

दोर्जीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने उभ्याउभ्या तो गारढोण भात खाल्ला, शेवटचं शीत बोटाने निपटलं आणि मला हळूच म्हणाला, "सर, इसमें नमक नहीं है."

"काय म्हनतोय?"

"म्हणतोय, फार छान झालाय," मी म्हणालो. अर्ध्या तासापूर्वी कान धरलेला माणूस मी.

"खोटं," हौसाबाई म्हणाल्या. "मीठ न्हाई म्हनला. हिंदी कळतं मला, मालक पुलगावला मिलिटरीच्या डेपोत हुतं." आणि त्या हसल्या. चार दिवसांत पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या, दोर्जीही हसायला लागला आणि मीही ओशाळून हसलो.

वळून बघतो तर दगड रिकामा.

शितं चार इकडेतिकडे सांडली होती. पिंड नव्हता. तिघांपैकी एकानेही काही आलेलं वा गेलेलं पाहिलं नव्हतं.

"शिवला का?" वरून देवस्थळींनी हाक दिली. "उपळेकर! कावळाच होता ना?"

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. एक मोठा कावळा, काळी चोच, तीनदा घिरट्या, मग अलगद उतरला. रस्त्यावर सातही रुमाल पुन्हा बाहेर आले असते. मी हौसाबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या रिकाम्या दगडावर हात फिरवत होत्या, लेकराच्या पुढचं ताट पुसावं तसा.

"आम्ही पाहिलं नाही!" मी ओरडलो.

हौसाबाईंना ना देवस्थळींचा प्रश्न ऐकू आला होता ना माझं उत्तर.

"जेवला गं, आई," त्या म्हणाल्या. मग पिशवी माझ्या हातातून घेतली, दोर्जीचा हात धरला आणि चढायला लागल्या.